दुसरी फेरी

थाटीपुरात तेलंगांच्या घरी भिंतीला रेडिएटर आहेत.
अख्ख्या ग्वाल्हेरात असलेच तर आणखी दोन घरी असतील,
मला तरी ठाऊक नाहीत.
श्रीनिवासरावांनी डॉर्टमुंडहून कायमचे परतताना
कपडे कमी आणि लोखंड जास्त आणलं,
बहिणीच्या घरी बसवलं:
"कुमुद, आता तुझे गुडघे बघ."
बॉयलर मागच्या अंगणात, जिथे पूर्वी बंब पेटायचा तिथे.

मी मिलच्या बॉयलरवर अकरा वर्षं काढली.
मिल गेली, हात राहिले.

पहिली फेरी सोमवारी. धुकं असं
की फाटक सापडेना, स्कूटर ढकलत नेली.
ताईंच्या खोलीत भट्टी, भावाच्या खोलीत बर्फ.
"पाचावर ठेवलाय," ते मफलरातून म्हणाले,
"पाचावर! आणि तरी."
साहेब, पाच म्हणजे घाई नव्हे.
पाच म्हणजे कुठवर जायचं.
तीनावरही ते त्याच चालीनं निघतं, फक्त आधी थांबतं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
तीस वर्षं जर्मनीत राहिलेल्या माणसाला
जनकगंजचा फिटर शिकवत होता.

वॉल्वची मुंडी सोडवली. आत मेण असतं,
ऊब लागली की फुगतं, पिन दाबतं, वाट बंद.
गार झालं की आकसतं, पिन वर.
ती वर आली नव्हती.
एप्रिलमध्ये सगळं घट्ट बंद करून
दोघं भाचीकडे पुण्याला गेली,
सहा महिने दाबलेली पिन
तशीच राहायला शिकली.
पकडीनं ओढू नये. ओढली तर हातात येते
आणि मागोमाग पाणी.
पेचकसाच्या लाकडी मुठीनं बाजूनं टकटक,
थेंबभर तेल, अंगठ्यानं दाबायची, सोडायची,
दाबायची, सोडायची.
चौदाव्या खेपेला
टक्.
नळीत पाणी खाकरलं.
ताईंनी चहाबरोबर गजक दिली, घरी न्यायलाही दिली.

गुरुवारी फोन: पुन्हा गार.

पिन मोकळी. वॉल्वपर्यंत नळी गरम, पुढे सगळं थंडगार.
हवा काढायला गेलो, हवा नव्हतीच.
बॉयलरचा दाब दीड, जसा हवा तसा.
मी उकिडवा बसून राहिलो,
खरं सांगतो, अक्कल चालेना.
मग गालाला कापड लागलं.

पडदा. सोमवारी नव्हता.
दुहेरी, आत जुन्या दुलईचा कापूस,
खिडकीतून झोत येतो म्हणून ताईंनी दोन दिवस
मशीनवर बसून शिवलेला, थेट फरशीपर्यंत.
वॉल्व त्याच्या मागे.
तिथे त्याला आपलीच ऊब परत परत लागत होती,
त्याच्या हिशेबी खोली कधीच भरली होती.
बाहेर म्हातारा दोन स्वेटरांत.

"ताई, पडदा चांगला आहे. वॉल्वही चांगला आहे."
"मग?"
"दोघांची जागा एक झाली."
त्या काही बोलल्या नाहीत. कात्री आणायला गेल्या.
"राहू दे गं," भाऊ म्हणाला, "मला थंडी चालते."
"तुला काय चालतं ते मला सांगू नकोस,"
आणि तेच दुखरे गुडघे फरशीला टेकून
ताई कापू लागल्या.
मी कापड ताणून धरलं.
कापूस बाहेर आला तो त्या बोटानं
आत ढकलत राहिल्या, आत ढकलत राहिल्या.

दुसऱ्या फेरीचे पैसे मी घेतले.
घ्यायला नको होते, असं बायको म्हणाली
रात्री, शेगडीपाशी, गजक मोडताना.
आमच्याकडे आकडे नाहीत.
तिचे पाय गार लागले की मला कळतं.
ती म्हणते, उशिरा कळतं.